दातांत धरलेला वाख

बीड,
२ नोव्हेंबर १९८६

चि. सौ. अंजना,

आधी जयभीम आणि मागून आशीर्वाद. क्रम मुद्दाम असा लावला आहे. आशीर्वाद सासऱ्याचा, तो तू घेशील की बाजूला ठेवशील, मला सांगता येत नाही. जयभीम मात्र तुला परत करता येणार नाही.

पोळा झाला आणि तू पिंपरीच्या गाडीत बसलीस. आता दिवाळीही आली. जालिंदर तुझ्यापाठोपाठ तिकडं आला, ट्रकवर लागला, हे बरं झालं. नवराबायकोनं एका जागी असावं. तुझा भाऊही जवळ आहे. इकडं घरात आम्ही दोघं म्हातारी, मी आणि तुझी आत्याबाई, आणि समोर नदी.

नदी म्हणजे काय ते तू जाणतेस. पालीला शाळेवर होतो तेव्हा तिसरीच्या पोरांकडून नदीची कविता चालीवर म्हणून घ्यायचो, आणि खिडकीबाहेर खरीच बिंदुसरा वाहायची. पोरं कविता म्हणता म्हणता तिच्याकडं बघायची, मी त्यांना रागवायचो नाही. क्रमिक पुस्तकातल्या नद्या कधी आटत नाहीत, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं. आता पालीच्या धरणात भेगा पडल्यात आणि शेरडं चरतात. बीडात जे वाहतं ते गावाच्या मोऱ्यांचं पाणी. तेवढंच वाहतं. त्याच्या काठावर आपल्या बायकांच्या सोसायटीचे वाफे आहेत. परवा सकाळी पुलावर उभा राहून पाहिलं, तर साऱ्या मुलखात एवढीच एक हिरवी पट्टी. मेथी, शेपू, चुका, कोथिंबीर, आणि त्यांच्यात वाकलेली लुगडी. मला राहवलं नाही, जुनी चाल मोठ्यानं म्हणालो. खालून तुझी आत्याबाई म्हणाली, "कविता ऱ्हाऊ द्या, दारं धरायला खाली या." बाकीच्या बायका हसल्या. मी उतरलो आणि वाफ्यात पाणी सोडलं. वास आला, पण वासाचं कुणी बोलत नाही. तू बोलायचीस.

त्या बैठकीबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो. पण ते सोडून दुसरं काय लिहावं, तेही सुचत नाही. मी बाहेर सायकलीपाशी उभा होतो आणि खिडकीतून सगळं ऐकत होतो. तू सोसायटीची सेक्रेटरी म्हणून उभी राहिलीस आणि म्हणालीस की माझ्या पोटातली दोन गेली, दगडाबाईच्या पायाच्या चिखल्या वर्षभर भरत नाहीत, हे ह्या पाण्याचं आणि फवाऱ्याच्या पावडरीचं आहे, एवढं वर्ष भाजी थांबवू. छबुबाई चेअरमन, तिनं विचारलं, थांबवून खायचं काय. आणि मग तुझी आत्याबाई उठली. तिचा आवाज अजून कानात आहे. "माझ्या सुनंचं अंगच नाजूक हाय. तिच्या पोटात ठरत न्हाई, त्यात मेथीचा काय दोष."

सासूनं भर बैठकीत असं बोलावं. घरी आल्यावर तू ट्रंक भरलीस.

ती तशी का बोलली हे मला कळतं आणि तुलाही कळत असेल. मंडईत एकदा बोभाटा झाला की नाल्यावरची जुडी कुणी हातात धरणार नाही. दुष्काळाच्या साली उभी केलेली ती सोसायटी. घरोघर फिरून बायका गोळा केल्या त्या तिनंच. तिनं सोसायटी वाचवली आणि सून घालवली. घरात आता ती तुझं नाव काढत नाही. नाव काढत नाही म्हणजे विसरली असं नव्हे. तुझ्या खुंटीवर दुसरं काही अडकवू देत नाही.

बाकी ठीक. आत्याबाईच्या जिभेच्या कडेला एक फोड आला आहे. उष्णता असेल. साय लावते.

सवड काढून एकदा येऊन जा.

आश्रुबामामा

बीड,
१४ डिसेंबर १९८६

चि. सौ. अंजना,

तुझं पत्र नाही. पोस्टमन बिभीषण मला लांबून बघतो आणि गल्लीच्या दुसऱ्या कडेनं सायकल काढतो. वाईट बातमी आणणारे लोक असे चालतात असं मी वर्गात शिकवायचो. काहीच न आणणारेही तसेच चालतात, हे ह्या वयात शिकलो.

इकडची एक गंमत सांगतो. तू गेल्यावर एक सरकारी डॉक्टरीणबाई वाफ्यांवर आल्या होत्या. चांगल्या होत्या, मायेनं बोलल्या. सगळ्यांचे हातपाय बघितले, नखं बघितली आणि महिन्याभरानं रबरी बूट आणि लाल रबरी हातमोजे पाठवले. बूट कुणी घातले नाहीत. वाफ्यात बूट घालून शिरलं की कोवळी मेथी लोळते, आणि तसंही पिकात पायताण घालून जायला बायका तयार होत नाहीत. दगडाबाईनं आपले बूट दारात ठेवले आहेत, त्यातल्या एकात तिची कोंबडी अंडी घालते. छबुबाई तिला म्हणाली, "सरकारी बुटात घातलं, आता अंडं पण सरकारजमा करावं लागल." चार दिवस तेच चाललं होतं.

हातमोजे मात्र त्यांनी घातले. लाल हात, हिरवी भाजी, दिसायला फार देखणं दिसायचं. पण जुडी कशी बांधतात ते तुला सांगायला नको. डाव्या मुठीत भाजी, उजव्या हातानं अंबाडीच्या सालीचा ओला वाख गुंडाळायचा, वाखाचं एक टोक दातांत धरायचं आणि मान मागं झटकून गाठ आवळायची. एका दमात. तुझी आत्याबाई बांधायची तेव्हा मान अशी हलायची की जणू ती प्रत्येक जुडीला नाही म्हणते आहे. आता रबरी बोटात वाख ठरेना, सटकायला लागला. मग बायकांनी काय केलं, वाखाची दोन्ही टोकं दातांत धरायला सुरुवात केली. मोज्यांमुळं तोंडाचं काम दुप्पट झालं. हात झाकले आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

आणि वाख भिजतो कशात? त्याच बादलीत. भाजीवर माव्याची कीड पडली की संध्याकाळी फवाऱ्याची पावडर जिच्यात कालवतात आणि नाल्यातच विसळतात, ती बादली.

हे सगळं तू पूर्वीच सांगितलं होतंस. "मामा, बाईचं तोंड म्हणजे तिसरा हात झालाय," असं तू एकदा भाकरी थापताना म्हणालीस. मला ती उपमा फार आवडली होती. उपमा म्हणून आवडली.

फोड गेलेला नाही. मोठा झाला आहे. भाकरी चावत नाही, दुधात कुस्करून घेते, तेही गिळताना डोळ्यांत पाणी येतं. मी दवाखान्याचं काढलं की म्हणते, "डाक्टर इचारल, काम काय करती. काय सांगू?" मी म्हणालो, खरं सांग. तर म्हणते, "खरं सांगायचंच आसतं तर माझी सून आज घरात आसती."

हे मी तुला कळवू नये असं तिनं बजावलं आहे. कळवतो आहे.

आश्रुबामामा

बीड,
२५ जानेवारी १९८७

चि. सौ. अंजना,

तिला औरंगाबादेस नेलं. गेवराईपर्यंत ती खिडकीपाशी बसून बाहेर बघत होती. रानात काहीही नव्हतं, नुसती ढेकळं आणि मध्येच एखादी बाभळ. मी म्हणालो, बघ, आपल्या लग्नाच्या वऱ्हाडाची बैलगाडी ह्याच रस्त्यानं आली होती, तेव्हा दोन्हीकडं करडई फुललेली होती. ती म्हणाली, "करडई न्हवती. तूर होती." मी म्हणालो, मला पिवळं आठवतं. ती म्हणाली, "तुमाला पिवळं आठवतं, कारण संसाराचं काटं माझ्या वाटणीला आलं व्हतं." मग आम्ही दोघं हसलो. हसताना तिनं पदर तोंडाला लावला. तेव्हा वाटलं लाजली. लाजली नव्हती.

लग्नानंतर मी तिला अक्षरं शिकवायला बसलो होतो, हे तुला कधी सांगितलं नाही वाटतं. ती शिकली नाही. पण मी पोरांच्या कविता घरी म्हणायचो, त्या तिच्या कानात बसल्या. मधूनच काहीतरी विचारायची. एका कवितेत एक बाई पहाटे पाण्याला जाते, डोईवर दोन घडे घेऊन गात गात येते. ती ऐकून सिंधू, म्हणजे तुझी आत्याबाई, म्हणाली, "दुसरा घडा तिच्या डोईवर कुणी उचलून दिला?" मी पुस्तक परत वाचलं. त्यात कुणीच नव्हतं. इतकी वर्षं ती कविता शिकवली, पण तो घडा मला कधी जड लागला नव्हता.

डॉक्टरांनी तोंडातला एक तुकडा काढून तपासायला पाठवला. विचारलं, तंबाखू? ती म्हणाली, मिश्री लावते. मग काम? ती म्हणाली, "घरकाम." मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं बघितलं नाही. डॉक्टर म्हणाले, मिश्रीनं होतं असं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, मिश्री तर गावातल्या समद्याच लावतात.

तपासणीचं उत्तर आलं. डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं आणि एक लांब नाव सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही. लिहिलं की ते तुझ्यापर्यंत पोचेल, आणि तुझ्यापर्यंत पोचलं की खरं होईल, असं काहीतरी वेडं मनात येतं. विजेचा शेक देता येईल म्हणाले, पण उशीर झाला आहे असंही म्हणाले. तिला मी 'गाठ आहे' एवढंच सांगितलं. तिनं विचारलं नाही कसली. एवढी वर्षं संसार केला, ती माझ्या तोंडाकडं बघून धडा वाचते.

जालिंदरला हळू सांग. तो गाडी चालवत असताना सांगू नकोस.

मी तिला म्हणालो, अंजनाला ये म्हणून लिहितो. ती म्हणाली, "ती यायची न्हाई. आन् मी बोलवायची न्हाई. कावून बोलवू? भांडी घासायला?" मग जरा वेळानं भिंतीकडं बघत म्हणाली, "तिच्या हातची आंबील पातळ आसती. गिळता येती."

तू काय ते ठरव. मला आता ह्यापेक्षा सुंदर शब्द सुचत नाहीत.

आश्रुबामामा

बीड,
१ मार्च १९८७

चि. सौ. अंजना,

काल सोसायटीची बैठक झाली. तुला सांगितल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

ती जाणार असं म्हणाली तेव्हा मी नको म्हणालो. चालवत नाही, बोलताना शब्द घासतात, गालावर सूज आहे. तिनं नवं इरकल नेसलं. तू गेलीस तेव्हापासून बैठकीत ती बोलली नव्हती, हे छबुबाईनंच मला सांगितलं. मी ह्या वेळी बाहेर थांबलो नाही, आत दाराशी बसलो. कुणी हरकत घेतली नाही. म्हाताऱ्या मास्तराला सगळीकडं बसू देतात.

विषय निघाला रोजचाच. मावा लई पडला, पावडर जास्त लागते, बी कुठून आणायचं. ती उठली. बायकांना वाटलं पाणी प्यायला उठली. ती भिंत धरत दगडाबाईपाशी गेली, तिच्यासमोर वाकली आणि तोंड उघडलं. नुसतं उघडलं. दगडाबाईनं बघितलं आणि पदर डोळ्यांना लावला. मग ती पुढच्या बाईकडं गेली. मग तिच्या पुढच्या. उजेडाकडं तोंड करून, प्रत्येकीसमोर. कुणी मान फिरवली की तिची हनुवटी धरून वळवायची. अंजना, मी तिच्याबरोबर जन्म काढला, तिचं तोंड आतून कसं झालं आहे ते मला तिनं बघू दिलं नव्हतं. काल ते छबुबाईनं माझ्या आधी बघितलं.

शेवटी मध्ये उभी राहून बोलली. थांबत थांबत. "अंजी खरं बोलली व्हती. मी खोटं बोलले. माजी दोन नातरं ह्या पाण्यात गेली, आन् मी सुनंच्या अंगावर ढकललं."

मग छबुबाईच उसळली. रागानं नव्हे, घाबरून. "मंग आमी काय करावं, सिंधे? नाला सोडून पाणी हाय का कुठं? पोरं नाल्याकाठी तरी जगली, रानात काय जगलं?" तिचंही खरं आहे. बाहेर टँकरपुढं घागरींची रांग आहे आणि वाफ्याला तर टँकर येत नाही. सिंधूनं वाद घातला नाही. एवढंच म्हणाली की वाख दातांत धरायचा नाही. मग खूप वेळ त्यावरच चाललं. शेवटी ठरलं, दोघी दोघींनी बसायचं. एकीनं मूठ धरायची, दुसरीनं गाठ मारायची, आणि वाखाला वेगळी बादली, टँकरच्या पाण्याची. एक जण म्हणाली, दोघी बसल्या की बोलतच बसतील, जुड्या निम्म्या होतील. छबुबाई म्हणाली, होऊ दे निम्म्या.

एवढंच झालं. नाल्याचं पाणी तेच आहे. पावडर तीच आहे. डॉक्टर अजूनही छातीठोक सांगत नाहीत कशानं झालं, मिश्रीनं, पाण्यानं की पावडरीनं. तिचं तिनं ठरवून टाकलं.

परत येताना तिला सायकलवर बसवलं. लग्नानंतर पहिल्यांदा बसली असेल. पुलापाशी म्हणाली, "अंजीला कळवा. पर ये म्हणू नका. तिला वाटलं तर येईल."

म्हणून मी 'ये' म्हणत नाही. संध्याकाळी पुण्याची गाडी स्टँडवर येते, तेव्हा ती उठून बसते आणि दाराकडं बघते, एवढं मात्र लिहितो.

आश्रुबामामा

बीड,
१८ एप्रिल १९८७

अंजना,

पत्र पोचले. बाळंतपण तिकडेच करावे. इकडे येऊ नये. घरात सोय नाही.

आश्रुबा सटवाजी

बीड,
२३ ऑगस्ट १९८७

चि. सौ. अंजना,

जालिंदरची तार मिळाली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. तार हातात घेऊन मी पुलापर्यंत गेलो आणि परत आलो, मग पुन्हा गेलो. सांगायला कुणी सापडेना म्हणून नाही. सांगायचं जिला, ती सोडून बाकी सगळे भेटत होते.

पाऊस ह्याही वर्षी नाही. ते असो.

आता नीट बस, बाळ शेजारी ठेव आणि वाच. तुझी आत्याबाई गेली. वैशाखात, बुद्धपौर्णिमेच्या अलीकडं. शेवटचे दिवस पाणीसुद्धा उतरत नव्हतं. जालिंदर आला होता, तुला सोलापूरचा माल आहे असं सांगून. त्याला बोल लावू नकोस. तो इथं दोन दिवस रडला आणि जाताना आरशात बघून डोळ्यांवर पाणी मारून गेला, तुला दिसू नये म्हणून. पोटुशीच्या कानावर मौत घालू नये असं आपल्याकडं जुन्या बायका मानतात. मी मास्तर माणूस, दीक्षा घेतल्यापासून असल्या गोष्टी सोडल्या. पण हे तिचं मागणं होतं, तिच्यासाठी मी तेही मानलं.

एप्रिलमधलं माझं पत्र तुला कसं लागलं असेल, ते मला तुझ्या उत्तरावरून कळलं. एका कार्डावर एकच शब्द लिहिलास, 'समजलं'. पुढं काही नाही. तुला काहीच समजलं नव्हतं, पोरी. आता सांगतो.

त्या दिवशी दुपारी बिभीषणनं तुझं पत्र आणलं. मार्चमधल्या माझ्या पत्राला ते उत्तर होतं. मी लिफाफा उघडला आणि तिच्या खाटेवर बसून मोठ्यानं वाचायला लागलो. तू लिहिलं होतंस, बैठकीत काय झालं ते कळलं, मी आता मनात काही ठेवलं नाही. पाचवा महिना आहे, ह्या वेळी ठरलंय. आणि पुढं, 'आत्याबाई, मला आई नाही, बाळंतपणाला मी तुमच्याकडंच येणार. तुमची आंबील मीच करीन.'

तिनं मला पुन्हा वाचायला लावलं. मग 'ठरलंय' एवढंच पुन्हा. बोटांवर महिने मोजले. तिच्या तोंडाची एक बाजू सुजलेली होती, पण दुसऱ्या बाजूनं ती हसली. पालीच्या घरात मी पहिल्यांदा कविता म्हटली आणि तिला कळली नाही, तेव्हा अशीच अर्धी हसली होती. मी म्हणालो, उद्याच लिहितो, लवकर ये म्हणून.

ती म्हणाली, "लिवा. येऊ नगं म्हणून."

मला वाटलं शब्द नीट उमटला नाही. पुन्हा विचारलं. तेच म्हणाली. मी चिडलो. म्हणालो, चार महिने तू दाराकडं बघत बसलीस, आणि आता ती स्वतः येते म्हणते तर. तेव्हा तिनं थांबत थांबत मला सगळं सांगितलं. ती आली की माझी भांडी घासल, माझं पाणी पिईल. वाफ्यात बाया कमी पडत्यात, छबी बोलवायला येईल, आन् ही जाईल. न्हाई म्हणायची सवय न्हाई तिला, एकदाच म्हणाली तर मी तिला घालवली. त्यातून मी मेले तर तिच्यासमोर मरीन. "दोन गेली हितं. तिसरं तरी ह्या पाण्याभायेर होऊ द्या."

मी म्हणालो, बरं, तसं समजावून लिहितो. दुखणं फार वाढलंय, बाळाला जप, असं मायेनं लिहितो.

"मायेनं लिवलं की ती येईल," ती म्हणाली. "तुमी लई गोड लिवता. गोड लिवू नका."

पहिला कागद मी लिहिला आणि तिला वाचून दाखवला. त्यात मी फक्त एवढंच म्हटलं होतं की तुझी आठवण होते, पण ह्या उन्हाळ्यात प्रवास नको. ती म्हणाली, आठवण काढा त्यातनं. मी दुसरा लिहिला. त्यात बाळाला आशीर्वाद होता. म्हणाली, त्यो बी काढा. तिसऱ्यात फक्त निरोप राहिला आणि खाली 'मामा' अशी सही. ती म्हणाली, "मामा कावून लिवलं? नाव लिवा. परक्यावानी." मी बापाच्या नावासकट सही केली. घरात सोय नाही, हे वाक्य तिचं आहे. मला ते सुचलं नसतं. तुझी खुंटी, तुझी गोधडी, सगळं जागच्या जागी होतं.

जन्मभर मी पोरांना पत्रलेखन शिकवलं. मायना कसा, मजकूर कसा, शेवट कसा. तसलं पत्र मी कधी लिहिलं नव्हतं आणि कुणाला शिकवलंही नव्हतं. ते तिनं माझ्याकडून लिहून घेतलं, अक्षर न येणाऱ्या बाईनं.

तुला राग येईल. माझ्यावर आला तर येऊ दे, मला त्याची सवय झाली आहे. तिच्यावर नको. आता ये असंही मी म्हणत नाही, येऊ नको असंही म्हणत नाही. बाळ तिथं चांगलं पाणी पितं आहे ना, ते पिऊ दे. वाफ्यावर बायका दोघी दोघींनी बसतात. दगडाबाईच्या पायाचं तसंच आहे.

फक्त त्या संध्याकाळचं उरलेलं लिहितो, म्हणजे माझ्याकडं काही राहणार नाही.

पत्र पेटीत टाकून मी घरी आलो तेव्हा ती जागी होती. पुण्याची गाडी येऊन गेली होती, पण त्या दिवशी ती उठून बसली नव्हती.

"टाकलं?"

मी म्हणालो, टाकलं.

"आता यायची न्हाई ना ती?"

मी म्हणालो, नाही येणार.

तिनं बरं म्हणून मान हलवली आणि भिंतीकडं तोंड केलं. रडायला तोंड उघडावं लागतं, ते तिला उघडवत नव्हतं. मी पाठीवर हात ठेवून बसलो. पाठ हलत होती, आवाज काहीच येत नव्हता.